‘हाताबाहेर’ गेलेली मुले

‘मुलगा अगदी हाताबाहेर गेला आहे हो!’ शाळांच्या पालकसभांतून, कचेरीत डबा खाण्याच्या वेळी आणि लोकलगाडीच्या नेहमीच्या डब्यात हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की, त्यातील दुःखाकडे आता कोणाचे लक्षही जात नाही. ऐकणारा मान डोलावतो, आपल्या घरची एखादी तक्रार पुढे करतो आणि ‘काळच वाईट आला आहे’ या निष्कर्षावर दोघांचे एकमत होते. कालपर्यंत शहाणा असलेला मुलगा आज उलट उत्तरे देतो, खोलीचे दार लावून बसतो, रात्री उशिरा घरी येतो. विचारले तर ‘काही नाही’ एवढेच म्हणतो. मुलगी भरल्या ताटावरून उठून जाते. आईबापांना हे सारे अकस्मात घडल्यासारखे वाटते. ‘हाताबाहेर गेला’ या शब्दप्रयोगात एक गृहीत दडलेले आहे. पूर्वी केव्हातरी मुलाचा हात आईबापांच्या हातात होता, हे ते गृहीत. ते कितपत खरे आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

या बंडखोरीची जी कारणे सर्रास सांगितली जातात, ती सारी घराबाहेरची असतात. एके काळी सिनेमाला दोष दिला जाई. त्यानंतर दूरदर्शन आले, मग केबल आली आणि आता भ्रमणध्वनी आहे. वाईट संगत तर प्रत्येक काळात होतीच. फक्त प्रत्येक घराच्या मते ती शेजारच्या घरातील मुलाची होती. ही कारणे खोटी नाहीत, परंतु ती अपुरी आहेत. त्याच चाळीत, त्याच वर्गात, हातात तोच भ्रमणध्वनी असलेली दोन मुले दोन निरनिराळ्या वाटांनी जातात, याचा उलगडा त्यांतून होत नाही. तो करू पाहणाऱ्याला घराचा उंबरठा ओलांडून आत यावे लागते, आणि तेथेच आपले पाऊल अडखळते.

वयाचा दोष किती?

पौगंडावस्था हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय झाला त्याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले हॉल यांनी १९०४ साली या विषयावर आपला द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हे वय म्हणजे वादळाचे, ताणाचे वय, अशी कल्पना रूढ केली. १९२८ साली मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने सामोआ बेटावरील मुलींच्या जीवनाचे वर्णन करून असा प्रश्न उपस्थित केला की, हे वादळ जर निसर्गाचेच असेल तर ते सर्व समाजांत सारखे का नसावे? मीड यांच्या निरीक्षणांवर डेरेक फ्रीमन यांनी १९८३ साली कडाडून टीका केली आणि तो वाद पुष्कळ वर्षे चालला. पण मूळ प्रश्नाचे महत्त्व त्याने कमी झाले नाही. शरीरात होणारे बदल निसर्गाचे असतात. त्या बदलांना घर कसे सामोरे जाते, हे मात्र निसर्ग ठरवीत नाही.

एरिक एरिक्सन यांनी पुढे या वयाचा मुख्य प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला. ‘मी कोण?’ हा तो प्रश्न होय. एरिक्सन यांना स्वतःला आपला जन्मदाता पिता कोण, हे अखेरपर्यंत कळले नव्हते. त्यामुळे ओळखीचा हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ पुस्तकी नव्हता. चौदा-पंधरा वर्षांचे मूल आईबापांचे मूल म्हणून असलेली आपली ओळख उतरवून ठेवू पाहते आणि स्वतःची नवी ओळख चाचपडत शोधते. या शोधात थोडा विरोध, थोडा हट्ट, थोडे भांडण येणारच. ते आले नाही, तरच काळजी करावी. आपल्या पूर्वजांनाही याची जाण होती. पाच वर्षांपर्यंत लाड करावेत, त्यानंतर दहा वर्षे धाक दाखवावा आणि सोळावे वर्ष लागताच मुलाशी मित्राप्रमाणे वागावे, असे सांगणारे संस्कृत सुभाषित बहुतेक पालकांना ठाऊक असते. दुर्दैव असे की, त्यातील मधला भाग तेवढा सर्वांच्या लक्षात राहतो.

तेव्हा प्रत्येक विरोध म्हणजे बंड नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. केस वाढविणे, आईला न आवडणारी गाणी मोठ्याने लावणे, बापाच्या मतांची थट्टा करणे, ही वाढीची लक्षणे होत. चिंतेचे बंड निराळे असते. त्यात मूल स्वतःचेच नुकसान करू लागते. शाळा सोडते, घरातून पैसे उचलते, व्यसनाच्या वाटेला लागते, घर सोडून निघून जाते, किंवा सर्वांत वाईट म्हणजे जीव नकोसा करून घेते. पहिल्या प्रकारचा विरोध करणारे मूल घराशी बोलत असते. दुसऱ्या प्रकारातील मुलाने बोलणे केव्हाच सोडून दिलेले असते. त्याचे वागणे हीच त्याची शेवटची भाषा उरलेली असते.

उपेक्षेची रूपे

उपेक्षा म्हटली की, दारुडा बाप आणि उपाशी मुले असे चित्र डोळ्यांपुढे येते. मध्यमवर्गीय वाचक मग निश्चिंत होतो, कारण ते चित्र त्याच्या घरचे नसते. परंतु उपेक्षेची रूपे अनेक आहेत, आणि त्यांतील काही तर नाइलाजाची आहेत.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या सुमारास गाळपाचा हंगाम सुरू झाला की, नवरा-बायकोची जोडी, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘कोयता’, पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघते आणि उन्हाळा लागता लागता परतते. मुले बरोबर न्यावीत तर शाळा बुडते. मागे ठेवावीत तर थकलेल्या आजी-आजोबांच्या हवाली करावी लागतात. शासनाची हंगामी वसतिगृहे ही सोय आहे, पण ती प्रत्येक मुलापर्यंत पोचत नाही. वाढत्या वयातील मुलगा वर्षातील पाच-सहा महिने आईबापांवाचून काढतो आणि मुलगी वयात आली की, ‘मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची?’ या धास्तीने तिचे लग्न उरकले जाते. या आईबापांना दोष कोणत्या तोंडाने द्यावयाचा? येथे उपेक्षा मुलांची झाली हे खरे. पण ती आईबापांनी केलेली नाही, त्यांच्यावर लादलेली आहे.

शहरातील उपेक्षा निराळी असते. ती अभावाच्या पोटी जन्मत नाही. पुष्कळदा ती सुबत्तेच्या आड लपलेली असते. डोंबिवलीहून किंवा विरारहून मुंबईला कामाला जाणारे आईबाप सकाळी मूल जागे होण्याच्या सुमारास घर सोडतात आणि दिवेलागणीनंतर दमून परततात. उरलेल्या तासाभरात जे संभाषण होते, त्याचा विषय बहुधा एकच असतो. क्लासला गेला होतास का? चाचणीत किती मिळाले? पहिल्या तिघांत कोण आले? घरातील मोठी माणसे मुलाच्या गुणपत्रिकेशी बोलतात. मुलाशी बोलावयाचे राहून जाते. त्याची वही, त्याचा शिकवणीवर्ग, त्याचा भ्रमणध्वनी, सगळ्यांवर पहारा असतो. आणि तरीही त्याचा जिवलग मित्र कोण, त्याला रात्री झोप का लागत नाही, वर्गात त्याला कोणत्या नावाने चिडविले जाते, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर घरात कोणाजवळ नसते. पहारा म्हणजे परिचय नव्हे. ज्याच्यावर चोवीस तास नजर आहे पण ज्याला कोणी पाहिलेले नाही, असे मूल उपेक्षितच म्हटले पाहिजे.

डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली पालकांच्या वागण्याचे तीन प्रकार सांगितले. केवळ हुकूम सोडणारे पालक, काहीही चालवून घेणारे पालक, आणि नियम घालून देऊन त्यांची कारणेही सांगणारे, मुलाचे म्हणणे ऐकणारे पालक. १९८३ साली मॅकोबी आणि मार्टिन यांनी त्यांत चौथ्या प्रकाराची भर घातली. नियमही नाहीत आणि जिव्हाळाही नाही, असे ते बेफिकीर पालक होत. आपल्याकडे वाद घातला जातो तो पहिल्या दोहोंत. छडी हवी की लाड हवेत? तिसरा प्रकार चर्चेतच येत नाही, कारण त्याला वेळ लागतो.

मराठी मनाला हा तिसरा प्रकार अपरिचित नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून आदर्श मातेचे उदाहरण म्हणून ती सांगितली जाते. पण पालक ती आठवतात ती बहुधा श्यामच्या आज्ञाधारकपणासाठी. त्या पुस्तकातील श्याम हा हट्टी, भित्रा आणि प्रसंगी चोरी करणाराही मुलगा आहे, हे विसरले जाते. पोहायला जायच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारते. पण ती तेथे थांबत नाही. मागाहून त्याला जवळ घेऊन आपण का मारले, हे ती सांगते. तिच्या धाकाच्या मागे जे बोलणे आहे, तेच नेमके आजच्या घरातून नाहीसे झाले आहे.

गैरसमजाची किंमत

उपेक्षेइतकाच घात गैरसमज करतो. मुलाच्या वागण्याचा अर्थ लावण्याची घाई झाली की, दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे अशी स्थिती होते. अक्षरे उलटसुलट वाचणाऱ्या, शुद्धलेखनात वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या मुलाला ‘आळशी’ किंवा ‘ढ’ ठरविणे सोपे असते. असे कित्येक विद्यार्थी बुद्धीने चांगले असतात आणि त्यांना अध्ययन-अक्षमता असते, हे मान्य होऊन महाराष्ट्रात त्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. पण निदान होईपर्यंत त्या मुलाने सात-आठ वर्षे ‘तू नालायक आहेस’ हे ऐकलेले असते. चौदाव्या वर्षी तो दप्तर भिरकावून देतो, तेव्हा घराला ते बंड वाटते. वस्तुतः ते इतक्या वर्षांच्या अपमानाला दिलेले पहिले उत्तर असते. खिन्नतेने ग्रासलेल्या मुलीला ‘तोंड पाडून बसायला झाले काय?’ असे विचारणाऱ्या घरातही हेच घडते.

गैरसमज केवळ अडाणी किंवा निष्ठुर आईबापांच्या हातून होतो असे नव्हे. या बाबतीत सर्वांत मोठे आणि सर्वांत वेदनादायक उदाहरण महात्मा गांधी आणि त्यांचे थोरले पुत्र हरिलाल यांचे आहे. हरिलाल यांचा जन्म १८८८ सालचा. त्याच वर्षी मोहनदास बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले, १८९१ मध्ये परतले आणि १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेस गेले. कुटुंब तेथे नेले गेले ते १८९६ च्या अखेरीस. म्हणजे पहिल्या आठ वर्षांपैकी बहुतेक काळ मुलाला वडील जवळजवळ लाभलेच नाहीत. डर्बनमध्ये युरोपीय मुलांच्या शाळेत गांधींच्या मुलांना खास बाब म्हणून प्रवेश मिळू शकला असता. पण इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांनी घेऊ नये, म्हणून वडिलांनी तो नाकारला. मुलांना स्वतःच शिकवावयाचे ठरविले. परंतु सार्वजनिक कामाच्या व्यापात त्यांना पुरेसा वेळ देता आला नाही आणि मुलांची ही तक्रार राहिली, हे गांधींनी आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केले आहे.

हरिलाल प्रारंभी बंडखोर नव्हते, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९०८ पासूनच्या सत्याग्रहात त्यांनी पुन्हा पुन्हा तुरुंगवास पत्करला आणि लोक त्यांना ‘छोटे गांधी’ म्हणू लागले. त्यांना हवे होते ते शिक्षण. डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या साह्याने विलायतेस जाऊन शिकण्याची संधी आली, तेव्हा वडिलांनी ती आपल्या मुलाला न देता इतरांना दिली. वडिलांच्या तत्त्वाच्या दृष्टीने ते योग्य होते. मुलाच्या दृष्टीने तो नकार होता. १९११ साली हरिलाल कोणाला न सांगता घर सोडून निघाले, सापडले, वडिलांशी बोलले आणि अखेर भारतात परतले. मॅट्रिकच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा अपयश आले. १९१५ साली त्यांनी वडिलांना उद्देशून एक लांबलचक पत्र छापून काढले. आपले म्हणणे कधी ऐकूनच घेतले गेले नाही, ही त्या पत्रातील मुख्य व्यथा आहे. १९१८ साली पत्नीचे निधन झाले आणि त्यानंतर व्यसन, कर्ज, १९३६ सालचे धर्मांतर आणि पुनर्धर्मांतर अशी ती दुःखद कहाणी पुढे सरकत गेली. पित्याच्या हत्येनंतर काही महिन्यांतच, जून १९४८ मध्ये, मुंबईच्या रुग्णालयात हरिलाल यांचा अंत झाला. मराठी रंगभूमीवर ‘गांधी विरुद्ध गांधी’ या अजित दळवी यांच्या नाटकातून ही कहाणी पुष्कळ प्रेक्षकांनी पाहिली आहे.

या कहाणीत खलपुरुष कोणी नाही, म्हणूनच ती अधिक विचार करावयास लावते. पिता प्रेमळ होता, न्यायी होता, स्वतःला कठोर कसोट्या लावणारा होता. पण जगाचे ऐकण्यात त्याचे आयुष्य गेले आणि घरातील एकाचे ऐकावयाचे राहिले. त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मणिलाल, रामदास आणि देवदास हे त्याच पित्याचे पुत्र. ते वडिलांपासून तुटले नाहीत. तेव्हा पालकांच्या चुकीतून मुलाचे भवितव्य गणिताप्रमाणे निघते असे म्हणता येत नाही. चूक दार उघडून देते. त्या दारातून जावयाचे की नाही, हे काही अंशी ज्याचे त्याने ठरविलेले असते.

मुलींचे मुके बंड

या विषयावर लिहिताना-बोलताना ‘मुलगा’ हाच शब्द नकळत तोंडी येतो, यालाही कारण आहे. मुलाच्या बंडाचा आवाज होतो. मुलीच्या बंडाला आवाज करण्याची मुभा नसते. भाऊ रात्री उशिरा आला तर ‘सुधारेल’ असे म्हणणारे घर बहिणीला अर्ध्या तासाच्या उशिराचा हिशेब मागते. तिचे वाढते वय घराला वाढत्या धोक्यासारखे वाटते आणि त्यावरचा उपाय म्हणजे लग्न. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला होता. पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्याला हा आकडा भूषणावह नाही. घरात एक शब्द बोलू न शकणारी मुलगी एक दिवस कोणा ओळखीच्या-अनोळखीच्या भरवशावर निघून जाते, तेव्हा सारा गाव तिच्या धाडसाबद्दल बोलतो. त्याआधीच्या चार वर्षांतील तिच्या मौनाबद्दल कोणी बोलत नाही.

कायदा, शाळा आणि घर

कायद्याने या प्रश्नाची दखल फार पूर्वी घेतली. मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा १९२४ सालचा. आज लागू असलेला बालन्याय कायदा २०१५ सालचा आहे. त्यात दोन प्रकारची मुले सांगितली आहेत. एक, कायद्याशी संघर्ष आलेली. आणि दुसरी, काळजी व संरक्षणाची गरज असलेली. ज्यांचे पालक सांभाळ करण्यास असमर्थ ठरतात, अशा मुलांचा समावेश दुसऱ्या प्रकारात होतो. कागदावर हे दोन वर्ग निराळे आहेत. जीवनात मात्र दुसऱ्या वर्गातील मूल वेळीच कोणी न सांभाळल्यामुळे पहिल्या वर्गात जाऊन पोचते. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष घटनेनंतर सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांवर घोर अपराधाबद्दल प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची तरतूद झाली. समाजाचा संताप समजण्यासारखा होता. पण शिक्षेचे वय खाली आणणे जितके सोपे, तितके काळजी वेळेवर पोचविणे सोपे नाही.

घर आणि न्यायालय यांच्यामध्ये एक ठिकाण आहे, ते म्हणजे शाळा. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे वडील अतिशय तापट होते. आईच्या मृत्यूनंतर लहानग्या नारायणाने घर सोडले आणि नाशिक गाठले. घर सोडणारा मुलगा वाया गेला, असेच कोणीही म्हटले असते. पण नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याला विद्या मिळाली, आणि मराठी भाषेला एक कवी मिळाला. तुटलेल्या मुलाला घराबाहेरचे एक जरी वडीलधारे माणूस वेळेवर भेटले, तरी त्याचे आयुष्य सावरू शकते. ते माणूस होण्याची संधी शिक्षकाइतकी दुसऱ्या कोणाला नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु छडी खाली ठेवल्याने शिक्षक आपोआप मुलाच्या जवळ जात नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, निवडणुकीची व जनगणनेची कामे, अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई, यांतून त्याला सवड मिळाली पाहिजे. पालकसभा ही गुणपत्रिका वाटण्याची जागा राहिली आहे. ती दोन्ही बाजूंनी मुलाविषयी जाणून घेण्याची जागा झाली पाहिजे.

आईबापांनी काय करावे, याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात तयार मिळणार नाही. पण काही गोष्टी प्रत्येक घराच्या आवाक्यातल्या आहेत. दिवसातून एकदा तरी असे बोलणे व्हावे, ज्यात अभ्यासाचा विषय निघणार नाही. नियम असावेत, पण ते थोडे असावेत आणि त्यांची कारणे सांगता यावीत. मुलाचे गुपित हाती लागले तर ते चारचौघांत उघडे करू नये. चूक आपली असेल तेव्हा ‘माझे चुकले’ असे मुलापाशी म्हणण्यात बापाचा मान कमी होत नाही. मुलाला चूक कबूल करण्याचा तो पहिला धडा असतो. आणि मुलाचे दुखणे आपल्या समजुतीपलीकडचे आहे असे वाटले, तर डॉक्टरांकडे वा समुपदेशकाकडे जाण्यात घराण्याची अब्रू जात नाही. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ या क्रमांकाची सेवा देशभर आहे, हे मुलांनाही माहीत असावे.

यावर कोणी म्हणेल, ‘आमच्या वेळी असे लाड नव्हते, आम्ही काय बिघडलो?’ प्रश्न रास्त आहे. पण त्या वेळी घरात आजी होती, काका होते, वाड्यात दहा बिऱ्हाडे होती. बापाने ऐकले नाही तर ऐकणारे दुसरे कोणी होते. दोन खोल्यांच्या बंद घरात ते काम आता दोनच माणसांना करावयाचे आहे. ती दोघेही दमलेली आहेत, धास्तावलेली आहेत, हे मान्य. तरीही पंधरा वर्षांचे मूल रात्री खोलीचे दार लावून घेते, तेव्हा त्या दारावर टकटक करून केवळ ‘जेवलास का?’ एवढे विचारणे त्यांना अशक्य नाही. दार पहिल्या दिवशी उघडणार नाही, कदाचित आठव्या दिवशीही उघडणार नाही. पण आतील मुलाला एवढे कळेल की, बाहेर कोणीतरी अजून उभे आहे.